आयचा उपवास

तीन वर्षांपूर्वीच्या गुड फ्रायडेची दुपार माझ्या मनातून जात नाही. अडीच वाजले होते. तीनच्या उपासनेसाठी गावातली माणसे देवळाकडे निघाली होती. आयला हाताला धरून न्यावे म्हणून मी तिच्या खोलीत गेलो, तर ती खुर्चीत बसलेली. लुगडे घामाने भिजलेले, नजर कुठेतरी दूर लागलेली. ‘आय, निघायचे ना?’ असे मी विचारले, तेव्हा तिने मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली आणि विहिरीवरचा पंप बंद केला का, असे विचारले. वडील जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती, आणि ती विहीर तर त्याच्याही आधी बुजवली होती.

उन्हाचा तडाखा बसला असावा, असे मला प्रथम वाटले. मग वाटले, वय झाले. आता हे असेच सुरू होणार. दोन्ही तर्क चुकीचे होते. माझ्या पत्नीने कपाटातून ग्लुकोमीटर काढला आणि आयच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला ४८.

तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून आम्ही तिला घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी आकडा थोडा वर आला, तिने मला ओळखले; पण तासाभरात तो पुन्हा घसरला. मग मात्र रुग्णालय गाठले आणि ती रात्र तिथेच काढली. तिच्या ७९ वर्षांच्या आयुष्यात गुड फ्रायडेच्या दिवशी क्रुसाला ओठ न लावता राहण्याची ती पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी तिची खोली आवरताना पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीमागे वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी सापडली. आत दोन दिवसांच्या तांदळाच्या भाकरी होत्या, वाळून कडक झालेल्या. जेवणाचे ताट आम्ही तिच्या खोलीत नेऊन देत असू आणि रिकामे ताट परत आणत असू. ती जेवली, असे आम्ही समजत होतो. ती उपवास करत होती. मधुमेहाची सकाळची गोळी मात्र तिने दोन्ही दिवस इमानाने घेतली होती.

आम्ही वसईकडचे ख्रिस्ती. घरातली बोली सामवेदी. आईला आम्ही आय म्हणतो. आयचा जन्म वाडीतला आणि सारे आयुष्यही वाडीतच गेले. केळी, पानवेल, भाजी आणि फुले हे तिचे जग. पहाटेच्या लोकलने टोपली घेऊन ती दादरला जाई आणि दुपारी परत येऊन शिंपण्याला लागे. उपवासकाळातही या क्रमात कधी खंड पडत नसे. चाळीस दिवस एकभुक्त राहून डोक्यावर टोपली घेणारी आय मी लहानपणी पाहिली आहे. त्या वयात तिचे शरीर ते सोसत होते. पुढे शरीर बदलले, त्यात मधुमेह आला, गोळ्या आल्या. उपवास मात्र तसाच राहिला.

ज्या वाचकांना या परंपरेची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून आमचा उपवासकाळ सुरू होतो. ही राख मागल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. तिथून ईस्टरपर्यंत दिनदर्शिकेचे ४६ दिवस होतात; त्यांतले सहा रविवार वगळले की चाळीस उरतात. प्रभू येशूने अरण्यात उपवास करून काढलेल्या चाळीस दिवसांची ही आठवण. मध्ययुगात या काळात मांसच नव्हे, तर अंडी, दूध आणि लोणीही वर्ज्य असे. विसाव्या शतकात नियम बरेच सैल झाले होते, तरी रविवार सोडून उपवासकाळाचा प्रत्येक दिवस उपवासाचा मानला जाई. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी हे नियम बदलले. आज सर्वसाधारण नियमानुसार उपवास दोनच दिवस बंधनकारक आहे: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. उपवास म्हणजे निर्जळी नव्हे. एकदा पोटभर जेवण आणि दोन वेळा अगदी थोडे खाणे. हे दोन दिवस आणि उपवासकाळातले सर्व शुक्रवार मांस वर्ज्य.

त्यातही वयाची मर्यादा आहे. मांस वर्ज्य करण्याचे बंधन चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होते. उपवासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सुरू होते आणि माणूस साठाव्या वर्षात पाऊल टाकतो त्या दिवशी, म्हणजे ५९ पूर्ण होताच, संपते. आजारी माणसावर तर कोणत्याही वयात बंधन नाही. म्हणजे आय त्या शुक्रवारी उपाशी राहिली, तेव्हा चर्चच्या नियमाने तिला उपवासातून मोकळे करून वीस वर्षे झाली होती.

हे सारे मी तिला रुग्णालयातून परतल्यावर ऐकवले. ऐकवले हाच शब्द योग्य आहे, कारण माझ्या आवाजात समजावणे कमी आणि संताप अधिक होता. मी शिक्षक, दोष दाखवण्याची सवय हाडीमाशी खिळलेली. ‘तुला काही झाले असते तर आम्ही काय केले असते?’ हे वाक्य मी चार वेळा तरी म्हटले असेन. ती खाली मान घालून ऐकत राहिली.

पुढल्या वर्षी उपवासकाळ आला तेव्हा मी निवृत्त होऊन घरीच होतो. मी पहारा बसवला. तिचे ताट खोलीत जाणे बंद झाले. ती माझ्यासमोर बसून जेवू लागली. शेवटचा घास गिळेपर्यंत मी उठत नसे. पेटीमागे आणि उशीखाली मी रोज पाहत असे. साखर एकदाही घसरली नाही. मी स्वतःवर खूश होतो.

आय मात्र मिटत गेली. संध्याकाळी अंगणात बसून शेजारणींसह रोझरी म्हणणारी ती, खोलीतून बाहेर येईना. क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला नेतो म्हटले तर पाय दुखतात म्हणाली. ईस्टरला नवे लुगडे आणले, ते तिने घडी न मोडता पेटीत ठेवून दिले. एका दुपारी वरणभाताचा घास हातात धरून ती मला म्हणाली, ‘कधी उठायचे ते तुम्ही ठरवता. कधी आंघोळ करायची, कोणती गोळी घ्यायची, दिवा कधी मालवायचा, तेही तुम्हीच. एवढी एक गोष्ट माझी होती.’

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. वृद्धाची काळजी घेताना त्याच्या आयुष्यातला एकेक निर्णय आपल्या हातात येत जातो, तो प्रेमापोटीच येतो, आणि म्हणूनच आपण काही काढून घेत आहोत हे आपल्या ध्यानात येत नाही.

गेल्या वर्षी राखेच्या बुधवारच्या आधी आमचे धर्मगुरू तिला ख्रिस्तप्रसाद द्यायला घरी आले. तिला समजावण्याची विनंती मी त्यांना आधीच करून ठेवली होती. त्यांनी तिच्याजवळ खुर्ची ओढून घेतली आणि शांतपणे सांगितले, ‘आजी, तुम्हांला उपवासाची सक्ती नाही. जीव धोक्यात घालून केलेला उपवास देव मागत नाही.’ आयने हसून उत्तर दिले, ‘फादर, नियम मला ठाऊक आहे. मी नियमासाठी कुठे उपवास करते?’

‘मग कशासाठी करता?’ त्यांनी विचारले. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी तिला कधीच विचारला नव्हता.

तिने जे सांगितले ते थोडक्यात असे. तिच्या लहानपणी एका पावसाळ्याआधी घरातले धान्य संपले. तिची आय सकाळी मुलांना पेज वाढायची आणि स्वतः म्हणायची, आज माझा उपवास आहे. उपवासकाळ तर केव्हाच संपून गेला होता. मुलांना हे पुष्कळ वर्षांनी उमगले. ‘तेव्हापासून मी उपवास धरते,’ आय म्हणाली, ‘तिची भूक मला कळावी म्हणून. दारात आलेल्या माणसाची भूक कळावी म्हणून. पोट भरलेले असले की विसरायला होते.’

आमच्या भागातल्या उपवासाविषयी तिचे आणखी एक मत होते, तेही त्या दिवशी ऐकायला मिळाले. नियमाने मांस वर्ज्य, पण मासे चालतात. समुद्राकाठच्या माणसाने कोंबडी सोडून पापलेट खायचे, याला त्याग म्हणायचा का? फादर मनापासून हसले. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातला ५८ वा अध्यायही हेच सांगतो, असे ते म्हणाले: भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकरी देणे, हाच देवाला आवडणारा उपवास.

त्याच आठवड्यात तिला घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. या वेळी मी बोलायचे नाही, असे ठरवून गेलो होतो. डॉक्टरांनीही माझ्याकडे न पाहता तिलाच विचारले, ‘आजी, या चाळीस दिवसांत तुम्हांला काय करायचे आहे ते सांगा. काय जमेल आणि काय नाही ते आपण मिळून पाहू.’

आयने बोटांवर मोजून तीन गोष्टी सांगितल्या: मांस सोडायचे, एक वेळचे जेवण सोडायचे आणि मूठ काढायची. मुठीविषयी पुढे सांगतो. डॉक्टरांनी पहिली आणि तिसरी गोष्ट लगेच मान्य केली. मांस सोडल्याने तिला अपाय नव्हता. मात्र म्हातारपणी स्नायू झपाट्याने झिजतात, म्हणून त्याची जागा डाळ, अंडे, दूध, दही किंवा ताज्या माशाने भरून काढावी, नुसत्या पेजेवर राहू नये, असे त्यांनी बजावले. खारवलेल्या माशांविषयीही सावध केले. रक्तदाबाच्या रुग्णाने मांस सोडून रोज खारे मासे खाल्ले, तर एक काढून दुसरे घेतल्यासारखे होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगते. खाऱ्या माशाचे कालवण ती मर्यादा सहज ओलांडते.

दुसऱ्या गोष्टीपाशी ते थांबले. कागदावर चित्र काढून त्यांनी तिला तिच्या गोळीचे काम समजावले. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आले आहे की नाही हे गोळीला कळत नाही; ती आपले काम करतच राहते. उतारवयात मूत्रपिंडे मंदावलेली असली, तर तिचा परिणाम आणखी रेंगाळतो. म्हणून तर त्या दिवशी साखर देऊनही आकडा पुन्हा खाली आला होता. शिवाय तरुण माणसाला साखर घसरली की थरथर, धडधड आणि कडकडून भूक लागते. वृद्धांमध्ये, विशेषतः रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असताना, या खुणा दबून जातात आणि थेट गोंधळ, चिडचिड, असंबद्ध बोलणे एवढेच दिसते. घरच्यांना ते वय वाटते.

आय लक्षपूर्वक ऐकत होती. तिला कुणी तिच्याच शरीराचे कामकाज असे पहिल्यांदाच समजावून सांगत होते. तिने विचारले, ‘म्हणजे गोळी खाऊन उपाशी राहणे म्हणजे चुलीत लाकडे घालून वर रिकामे भांडे ठेवणे?’ डॉक्टर म्हणाले, ‘अगदी तसेच.’ त्यांनी गोळीची मात्रा कमी केली. या वयात साखर फार खाली रेटण्याचा आग्रह आम्ही धरत नाही, असेही सांगितले. तिन्ही जेवणे वेळेवर घ्यायची, एवढी एकच अट तिला घातली.

घरी परतताना रिक्षात ती गप्प होती. वाडीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, ‘मी जेवीन. पण माझा उपवास तू कर.’

मी चमकलो. त्या जानेवारीत मला ५९ पूर्ण झाली होती. चर्चच्या नियमातून मी नुकताच सुटलो होतो, आणि खरे सांगायचे तर सुटण्याआधीही कित्येक वर्षे मी तो नियम नावापुरताच पाळत होतो. ज्या वर्षी माझ्यावरचे बंधन संपले, त्याच वर्षी माझ्या आयुष्यातला पहिला खरा उपवास सुरू झाला. मला मधुमेह नाही, रक्तदाब नाही. डॉक्टरांना विचारूनच मी होकार दिला. उपवासकाळात दर बुधवारी आणि शुक्रवारी रात्रीचे जेवण सोडायचे, असे ठरले.

आता पहारा उलटा झाला. मी चहासोबत बिस्किट उचलले की आयची नजर वर जाई. आणि ती स्वतः सकाळी आठ, दुपारी साडेबारा आणि रात्री आठ या वेळांना न बोलावता टेबलावर येऊ लागली. तिला दलिया मनापासून नावडतो. वाटीतला शेवटचा चमचा संपवून ती म्हणे, ‘हेच माझे प्रायश्चित्त.’ ते ऐकून आम्ही सारे हसत असू, पण त्यात तथ्य होते. मनाविरुद्ध उपाशी राहण्याइतकेच मनाविरुद्ध, वेळेवर, मोजके खाणे हेही मनोनिग्रहाचेच काम आहे.

आता मुठीविषयी. आमच्या घरी एक जुना पितळी डबा आहे. उपवासकाळात रोज सकाळी भात लावण्याआधी आय त्यात मूठभर तांदूळ टाकते आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी तो डबा गरजू घरी पोचवला जातो. ही रीत तिने तिच्या आयकडून घेतली. मधल्या वर्षांत, स्वयंपाकघर माझ्या पत्नीकडे आल्यावर, डबा माळ्यावर गेला होता. तो आम्ही खाली काढला, चिंचेने घासला आणि आयच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवला. हात थरथरतो, चार दाणे जमिनीवर सांडतात, ते वेचायला वेळ लागतो. आम्ही मदतीला धावत नाही. ते तिचे काम आहे.

हे सारे आमच्याच घरचे आहे असे मी मानत नाही. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार किंवा रोजे धरणारी वृद्ध माणसे घरोघरी आहेत, आणि आकड्यांच्या भीतीने त्यांच्यावर ओरडणारी माझ्यासारखी मुलेही. इस्लाममध्ये रोजा झेपत नसलेल्या अतिवृद्धाने त्याऐवजी गरिबाला जेवू घालण्याची सोय आहे. आयच्या मुठीचे आणि त्या विचाराचे नाते मला जवळचे वाटते. अनुभवातून शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. घरातल्या वृद्धाचा उपवास जवळ आला की पंधरा दिवस आधी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि बोलू त्यांनाच द्यावे. गोळी आणि इन्सुलिन यांची मात्रा किंवा वेळ आपल्या मनाने बदलू नये. माणूस एकाएकी गोंधळला तर वयाला दोष देण्याआधी साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. आणि उपवास का धरता, हे शांत वेळी एकदा विचारावे. उत्तर ऐकल्यावर त्याच हेतूला पोचणारी, शरीराला झेपणारी दुसरी वाट बहुधा सापडते. मला ते विचारायला ५९ वर्षे लागली.

गेल्या वर्षी पवित्र शनिवारी आयने डबा उघडला आणि बराच वेळ आत पाहत राहिली. चाळीस मुठी होऊनही तो अर्धाच भरला होता. ‘पूर्वी काठोकाठ भरायचा,’ ती म्हणाली. मग स्वतःचा हात उलटसुलट करून पाहिला. ‘डबा तोच आहे. मूठ लहान झाली.’

या वर्षी राखेच्या बुधवारी रात्री मी जेवायला बसलो नाही, तेव्हा तिने मला हाक मारली. डबा तिच्या मांडीवर होता. ‘तू जेवला नाहीस, तर तुझ्या वाटणीचे तांदूळ वाचले की नाही? ते कुठे आहेत?’ मी तांदळाच्या पिंपात हात घातला आणि ओंजळ भरून तिच्या डब्यात ओतली. तिने झाकण लावले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाली, ‘आठ वाजले. माझे ताट वाढा.’